प्रकाश सापळे : भंडारा जिल्ह्यातील धानशेती

निशाचर कीटकांना दिव्याच्या प्रकाशाने आकृष्ट करून एका ठिकाणी जमविण्याच्या व पकडण्याच्या साधनास प्रकाश सापळा म्हणतात. दिवा, त्याभोवती वा त्याखाली कीटक अडकविणारे पात्र आणि पावसापासून दिव्याचे रक्षण करणारे छप्पर हे त्याचे तीन मुख्य भाग होत. शेतीत या सापळ्याचा उपयोग दोन प्रकारे होतो : एक, किडींचे प्रौढ पकडून त्यांची संख्या घटविण्यासाठी आणि दोन, कोणती कीड केव्हा व किती प्रमाणात शेतात आली हे जाणण्यासाठी. या दोन उपयोगांपैकी प्रमुख कोणता, याविषयी गेल्या शतकात मतांतरे झाली. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील भंडारा जिल्ह्याच्या धानशेतीत या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. कारण तेथील लहान शेतकऱ्याचे वर्षाचे अन्न व रोख उत्पन्न ही दोन्ही बहुतांशी या एकाच पिकावर अवलंबून असतात.

पार्श्वभूमी : वैनगंगा व तिला मिळणाऱ्या बावनथडी, सूर, चुलबंद या नद्यांच्या खोऱ्यात वसलेल्या भंडारा जिल्ह्यात सरासरी वार्षिक पर्जन्यमान १,३०० मिमी.च्या आसपास असून खरीप धान हे मुख्य पीक आहे. गोंड राजांच्या कारकीर्दीपासून कोहळी समाजाने येथे बांधलेले तलाव प्रसिद्ध आहेत. मालगुजारी पद्धत १९५१ मध्ये संपुष्टात आल्यावर ते ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने शासनाकडे आले. लोकव्यवहारात त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्या वर्षी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा करण्यात आला. त्यामुळे त्यापूर्वीच्या लेखनातील ‘भंडारा’ या नावात आजच्या दोन्ही जिल्ह्यांचा समावेश होतो.

मृग नक्षत्रात पऱ्हे टाकणे, आषाढ-श्रावणात चिखलणी करून रोवणी करणे आणि हलके, मध्यम व भारी या वाणभेदांनुसार आश्विन ते मार्गशीर्ष या काळात कापणी करणे, असा येथील क्रम आहे. पाण्याने भरलेल्या बांध्या, दमट हवा व ढगाळ आकाश ही धानाला मानवणारी परिस्थिती त्याच्या किडींनाही मानवते. पुढे इटियाडोह, बावनथडी व गोसीखुर्द या प्रकल्पांच्या लाभक्षेत्रांत उन्हाळी धानाची लागवड वाढली आणि पूर्वी उन्हाळ्यात खंडित होणारी किडींची साखळी अनेक ठिकाणी अखंड झाली.

प्रमुख किडी व त्यांचे प्रकाशाकर्षण : (१) पिवळा खोडकिडा (सिर्पोफॅगा इन्सर्टुलस) : मादी पतंगाच्या पिवळ्या पुढील पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याकडे पुंजक्याने अंडी घालते व पुंजका तपकिरी केसांनी झाकते. एका मादीची अंडी सु. १०० ते २०० भरतात. अळी खोडात शिरून आतील भाग खाते; त्यामुळे फुटव्यांच्या अवस्थेत ‘गाभेमर’ होते, तर निसवणीनंतर दाणा न भरलेल्या पांढऱ्या लोंब्या, म्हणजे ‘पळींज’ दिसते. (२) गादमाशी (ऑर्सिओलिया ओरायझी) : डासासारखी नाजूक माशी. तिची अळी वाढत्या कोंबात राहते. त्यामुळे पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी, म्हणजे ‘चंदेरी पोंगा’ बाहेर पडतो आणि त्या फुटव्यास लोंबी येत नाही. पूर्व विदर्भ हा या किडीचा कायमचा प्रदेश मानला जातो. (३) तुडतुडे : हिरवे, तपकिरी व पांढऱ्या पाठीचे असे यांचे मुख्य प्रकार आहेत. तपकिरी तुडतुडे बुंध्याशी राहून रस शोषतात व शेतात ठिकठिकाणी गोल चट्टे पडून धान करपल्यासारखे वाळते. लगतच्या छत्तीसगढ भागात त्यांस ‘माहो’ म्हणतात.

या तिन्ही किडींचे प्रौढ रात्री दिव्याकडे येतात. परंतु त्यांच्या येण्यात भेद आहेत. खोडकिड्याच्या व गादमाशीच्या बाबतीत सापळ्यात माद्यांचे प्रमाण अधिक आढळते. तुडतुड्यांपैकी फक्त लांब पंखांचे प्रौढच दिव्यावर येतात. बुंध्याशी वाढणारी आखूड पंखांची पिढी व पिले येत नाहीत. अळी अवस्था तर कोणत्याच किडीची सापडत नाही. नुकसान मात्र खोडकिडा व गादमाशी यांच्या अळ्यांकडून आणि तुडतुड्यांच्या पिलांकडून व प्रौढांकडून होते. म्हणजे सापळा जे पकडतो ते बहुधा नुकसानीचे मूळ असते, प्रत्यक्ष नुकसान करणारी अवस्था नव्हे. सापळ्याचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही या एका गोष्टीत सामावलेली आहेत.

कीटक दिव्याकडे का ओढले जातात, याचे समाधानकारक उत्तर दीर्घकाळ मिळाले नव्हते. चंद्रासारख्या दूरच्या प्रकाशाशी ठराविक कोन राखून कीटक दिशा धरतो व जवळच्या दिव्याशी तसाच कोन राखू जाता चक्राकार मार्गाने दिव्यावर येतो, ही उपपत्ती विसाव्या शतकात बहुमान्य होती. सॅम्युएल फेबियन, यश सोंधी व त्यांचे सहकारी यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वेगवान छायाचित्रणाच्या आधारे दुसरे कारण पुढे आले. उडता कीटक आपली पाठ नेहमी उजेडाकडे ठेवतो. मोकळ्या आकाशाखाली या सवयीमुळे त्याचा तोल राहतो, पण दिव्याजवळ तीच सवय त्याला दिव्याभोवती फिरत ठेवते. कीटकांचे डोळे जंबुपार, निळ्या व हिरव्या प्रकाशास विशेष संवेदनशील असल्याने त्या रंगांचे दिवे सापळ्यात अधिक परिणामकारक ठरतात.

प्राचीन इतिहास : दिव्यावर झेप घेऊन जळणारा पतंग हा भारतीय वाङ्मयातील अतिपरिचित दृष्टांत असून भगवद्‌गीतेच्या अकराव्या अध्यायातही तो आला आहे. तथापि त्या निरीक्षणाचा शेतीसाठी हेतुपूर्वक उपयोग केल्याचे स्पष्ट उल्लेख प्रथम इतरत्र मिळतात. रोमन लेखक कॉल्युमेला (इ. स. पहिले शतक) याने मधमाश्यांच्या पोळ्यांना उपद्रव देणाऱ्या पतंगांसाठी संध्याकाळी पोळ्यांजवळ उभट तांब्याचे भांडे ठेवून त्याच्या तळाशी दिवा लावण्याची युक्ती सांगितली आहे. चीनमध्ये थांग राजवटीतील मंत्री याव चुंग याने इ. स. ७१६ मध्ये टोळधाडीच्या वेळी रात्री आगी पेटवून त्यांच्या कडेला खड्डे खणावेत व आगीकडे येणारे टोळ जाळून पुरावेत, अशी आज्ञा केली. टोळांना मारणे हा दैवी कोपाचा अव्हेर होय, असे मानणाऱ्यांचा विरोध त्यास सहन करावा लागला.

भंडारा भागातील लोकाचारात किडीविषयीची चिंता दुसऱ्या रूपाने दिसते. श्रावणी अमावस्येच्या पोळ्याला घराच्या दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे ‘मेढे’ ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर रोगराई व कीडमुंगी गावाच्या शिवेबाहेर घालविण्याचा आचार पाळतात. धानावर गादमाशी व खोडकिडा दिसू लागण्याचा काळ साधारणतः हाच असतो. दिवाळीच्या पणत्यांमुळे किडींचा नाश होतो, असे विधान पुष्कळदा केले जाते. बंगालमध्ये कालीपूजेच्या सुमारास दिव्यांवर थव्याने येणारे ‘श्यामा पोका’ हे धानावरील हिरवे तुडतुडेच होत. त्यामुळे या विधानास निरीक्षणाचा काही आधार आहे. मात्र दिवाळीपर्यंत भंडाऱ्याकडे हलका धान कापणीस आलेला असतो व भारी धानावर खोडकिड्याची अंडी बव्हंशी आधीच घातली गेलेली असतात. एकदोन रात्रींच्या दीपोत्सवाला कीडनियंत्रणाचा उपाय म्हणता येणार नाही.

आधुनिक सापळ्यांचा उगम : फ्रान्समध्ये द्राक्षवेलींवरील पतंगाचा उपद्रव वाढल्यावर व्हीक्तॉर ओदुआँ या कीटकशास्त्रज्ञाने १८३७ पासून केलेल्या पाहणीत मळ्यांत दिवे लावून पतंग पकडण्याचे प्रयोग केले, त्याचा ग्रंथ १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. विजेचा दिवा उपलब्ध झाल्यावर सापळ्याला स्थिर प्रकाश मिळाला आणि एका रात्रीची दुसऱ्या रात्रीशी तुलना करणे शक्य झाले. अमेरिकेत टी. जे. हेडली यांनी १९३० नंतरच्या काळात डासांसाठी ‘न्यू जर्सी सापळा’ प्रचारात आणला. इंग्लंडमधील रॉथॅम्स्टेड येथे सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ पासून चार वर्षे दररोज रात्री सापळा चालवून त्यातील कीटक मोजले. पौर्णिमेच्या आसपास सापळ्यात कमी कीटक येतात, तर उबदार, ढगाळ व वारा नसलेल्या रात्री अधिक येतात, हे या अभ्यासाने दाखवून दिले. इंग्लंडमध्येच १९५० मध्ये रॉबिन्सन बंधूंनी पाऱ्याच्या बाष्पाचा दिवा असलेला सापळा वर्णिला. त्यातील जंबुपार किरणांमुळे पतंगांची संख्या पुष्कळच वाढली आणि रॉबिन्सन सापळा जगभर रूढ झाला.

धानाच्या संदर्भात जपानचा अनुभव सर्वांत बोधप्रद आहे. १९४० मधील तुडतुड्यांच्या प्रकोपानंतर त्या देशाने १९४१ मध्ये कीड-पूर्वसूचनेची राष्ट्रीय योजना सुरू केली व तीत प्रकाश सापळ्यांतील नोंदींना मुख्य स्थान दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे खोडकिड्याच्या नाशासाठीही शेतांत मोठ्या प्रमाणावर सापळे लावण्यात आले. पुढे पॅराथिऑनसारखी कीटकनाशके आल्यावर हे नाशक सापळे मागे पडले. पूर्वसूचनेचे सापळे मात्र टिकून राहिले. नाशाचे साधन म्हणून गेलेला सापळा सूचनेचे साधन म्हणून राहिला, असा हा इतिहास आहे व भारतातही तो काही अंशी घडला.

मध्य प्रांत व वऱ्हाड : भारतात कृषी कीटकशास्त्राचा पाया पुसा (बिहार) येथील संशोधन संस्थेत (स्थापना १९०५) घातला गेला. तेथील हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा भारतातील उपद्रवी कीटकांवरील ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नागपूर येथे कृषी महाविद्यालय सुरू होऊन मध्य प्रांतातील शेतीच्या अभ्यासास केंद्र लाभले. १९१४ च्या सुमारास प्रांताच्या छत्तीसगढ भागात धानावर हिरव्या तुडतुड्यांचा मोठा प्रादुर्भाव झाला. पुसा येथील सी. एस. मिश्रा यांनी त्यांवर केलेला अभ्यास १९२० मध्ये भारतीय कृषी खात्याच्या ज्ञापनमालेत प्रसिद्ध झाला. धानावरील या कीटकगटाचा भारतातील आरंभीचा सविस्तर अभ्यास म्हणून त्यास महत्त्व आहे.

त्या काळात खेड्यातील सापळा म्हणजे बांबूच्या तिकाटण्याला टांगलेला कंदील आणि त्याखाली रॉकेलचा तवंग दिलेल्या पाण्याचे घमेले. रॉकेलला विदर्भात ‘मातीचे तेल’ म्हणतात. या साधनात गुंतागुंत नव्हती, पण अडचणी खऱ्या होत्या. घरातील दिव्यासाठी जपून वापरावे लागणारे तेल शेतात जाळणे परवडत नसे. कंदिलाचा पिवळा प्रकाश कीटकांना फारसा ओढत नसे. पावसात दिवा विझे. रोवणीने थकलेल्या माणसाला चिखलाच्या धुऱ्यावरून रात्री पुन्हा शेतात जावे लागे. त्यातही एकट्या शेतकऱ्याने दिवा लावला, तर शेजारच्या बांध्यांतील पतंग त्याच्याकडे येत आणि सर्वच सापळ्यात न पडता त्याच्या धानावर अंडी घालीत. गावाने मिळून केल्यासच उपयोगी, असा हा उपाय होता. गॅसबत्ती आल्यावर प्रकाश वाढला, पण खर्चही वाढला.

कीटकनाशकांचा काळ : १९६६ नंतर आयआर-८, जया इ. बुटक्या, अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा प्रसार झाला. खते व पाणी यांस ते चांगला प्रतिसाद देत. परंतु गादमाशी व तुडतुडे यांनाही ते बळी पडत. याच काळात बीएचसी भुकटी व अन्य कीटकनाशके खेड्यापर्यंत पोहोचली. धुरळणीने दुसऱ्या दिवशी मेलेली कीड डोळ्यांना दिसे. त्यापुढे घमेल्यातील पतंग मोजण्याचे काम क्षुल्लक वाटू लागले. बीएचसीच्या वापरावर भारतात १९९७ मध्ये बंदी आली.

कीटकनाशकांनी प्रश्न मिटत नाही, हे तपकिरी तुडतुड्याने आशियाभर दाखवून दिले. त्याचे नैसर्गिक शत्रू असलेले कोळी व मिरीड ढेकूण फवारणीत मरत आणि कीड अधिक जोराने उलटे. केरळात १९७३-७४ मध्ये तिचा मोठा प्रकोप झाला. इंडोनेशियाने १९८६ मध्ये धानावरील ५७ कीटकनाशकांना मनाई केली. भारत सरकारने १९८५ मध्ये एकात्मिक कीड व्यवस्थापन हे पीकसंरक्षणाचे मूलतत्त्व म्हणून स्वीकारले आणि त्यात प्रकाश सापळ्याला पुन्हा स्थान मिळाले. [⟶ कीड नियंत्रण].

संशोधन : हैदराबाद येथून १९६५ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित धान सुधार प्रकल्पाने देशातील निरनिराळ्या केंद्रांवर सापळ्यांतील दैनिक नोंदी ठेवण्याची पद्धत रूढ केली. त्यासाठी पश्चिम बंगालमधील चिन्सुरा येथील धान संशोधन केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा साधा सापळा सर्वत्र वापरात आला. पूर्व विदर्भात अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाची (स्थापना १९६९, आता डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) भंडारा जिल्ह्यातील साकोली व चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही येथील केंद्रे धानाच्या संशोधनासाठी महत्त्वाची आहेत. पूर्वीच्या मध्य प्रांताचाच भाग असलेल्या जबलपूर येथील जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठात एस. एम. वैशंपायन यांनी सापळ्याच्या रचनेवर दीर्घकाळ काम केले. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘एसएमव्ही’ म्हणून ओळखले जाणारे नमुने शेतकऱ्यांच्या उपयोगासाठी तयार झाले.

सापळ्यावरील एक गंभीर आक्षेप असा की, त्यात उपद्रवी व उपकारक असा भेद राहत नाही. ढालकिडे, भू-भुंगेरे, परोपजीवी गांधीलमाश्या व जलकीटकही त्यात मरतात. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या प्रदेशात हा आक्षेप अधिक लागू पडतो. तलावाच्या पाळीजवळ लावलेल्या सापळ्यात पाणभुंगेरे व पाणढेकूणच अधिक सापडण्याचा संभव असतो. यावर उपाय म्हणून नवी दिल्ली येथील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्राने लहान आकाराच्या उपकारक कीटकांना जाळीतून निसटता येईल, असा सापळा तयार केला. सापळा रात्रभर न चालविता सायंकाळनंतरचे तीनचार तासच चालविणे, तो पिकाच्या उंचीच्या किंचित वर व पाण्यापासून दूर ठेवणे आणि पात्रातील कीटक रोज तपासून भक्षक कीटक सोडून देणे, या सूचना त्याच हेतूने दिल्या जातात. सापळ्याचे प्रमाण सामान्यतः हेक्टरी एक सांगितले जाते.

अलीकडील घडामोडी : विदर्भ व मराठवाड्यात २००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा मोठा प्रादुर्भाव झाल्यानंतर महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प (क्रॉपसॅप) सुरू केला व पुढे त्यात धानाचाही समावेश केला. ठरलेल्या गावांतील शेतांची नियमित पाहणी, त्या नोंदींचे एकत्रीकरण आणि त्यांवरून शेतकऱ्यांना सल्ला अशी त्याची रीत आहे.

२०१७ च्या खरिपात या व्यवस्थेची कठीण परीक्षा झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भंडारा, गोंदिया व लगतच्या जिल्ह्यांत कापणीस आलेला धान तुडतुड्यांनी वाळविला. डिसेंबरमध्ये नागपूर येथील विधिमंडळाच्या अधिवेशनात बोंडअळीग्रस्त कापूस उत्पादकांबरोबर तुडतुडेग्रस्त धान उत्पादकांसाठीही मदत जाहीर करावी लागली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. एकीकडे कीड वेळीच न कळल्याने गेलेले पीक आणि दुसरीकडे फवारणीने गेलेले जीव, अशा या दोन घटना एकाच वर्षीच्या आहेत. फवारणी केव्हा आवश्यक आहे व केव्हा नाही, हे सांगू शकणाऱ्या साधनाचे मोल त्यांवरून कळते. लांब पंखांचे तुडतुडे सापळ्यात वाढू लागणे ही शेतात शिरून बुंधे तपासण्याची सूचना असते. चुडामागे दहाच्या आसपास तुडतुडे आढळल्यावरच उपाय योजावा, असा संकेत आहे. खोडकिडा व गादमाशी यांच्यासाठी अनुक्रमे पाच टक्के गाभेमर व पाच टक्के चंदेरी पोंगे ही मर्यादा मानतात.

सौर विद्युत्घट, संचायक व प्रकाशोत्सर्जक डायोड (एलईडी) यांवर चालणाऱ्या सापळ्यांनी इंधनाची व भारनियमनाची जुनी अडचण बरीच दूर केली आहे. अंधार पडताच ते आपोआप लागतात व ठरलेल्या वेळी बंद होतात. पाऱ्याच्या दिव्यांची जागाही हे दिवे घेत आहेत. पाऱ्याच्या वापरास आळा घालणारा मिनामाता करार २०१७ मध्ये अंमलात आला. मात्र सापळा स्वयंचलित झाला, तरी त्यातील कीटक ओळखण्याचे व मोजण्याचे काम माणसालाच करावे लागते. अनुदानाने मिळालेला सापळा नोंदीविना जळत राहिला, तर त्याने चांगले-वाईट कीटक मरतात, पण ज्ञान मिळत नाही.

मूल्यमापन : केवळ प्रकाश सापळ्याने धानाचे संरक्षण होते, असे म्हणण्यास आधार नाही. सापळ्यावर येणाऱ्या मादीने काही अंडी आधीच घातलेली असू शकतात. पौर्णिमेच्या सुमारास आकडे फसवे ठरतात आणि बुंध्याशी वाढणारी कीड दिव्याला दिसत नाही. प्रतिकारक वाण, वेळेवर रोवणी, रोवणीपूर्वी पऱ्ह्यांचे शेंडे छाटून अंडीपुंज नष्ट करणे, नत्राचा बेताचा वापर, कापणीनंतर धसकटांचा नाश व नैसर्गिक शत्रूंचे रक्षण यांच्या जोडीलाच त्याचा उपयोग होतो. गावातील सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी सापळे लावल्यास पतंगांची संख्या घटविण्यास काही प्रमाणात मदत होते. तथापि त्याचा विश्वसनीय उपयोग सूचनेचाच आहे. पुसा येथील काळापासून आजवर दिव्याचे तेज व रचना बदलली. सकाळी सापळ्यातील कीटक मोजून वहीत लिहिण्याची गरज मात्र बदललेली नाही.